विद्यापीठाच्या संघापर्यंत

आपल्या गावोगावच्या मैदानांवर जाळी बांधलेली असते ती मुलांच्या मापाची, २.४३ मीटर उंच. मुलींची जाळी २.२४ मीटर हवी. १९ सेंटिमीटरांचा फरक थोडा वाटतो. पण उंच जाळीवर शिकलेली मुलगी चेंडू मारण्याऐवजी नुसता पलीकडे ढकलू लागते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. म्हणून मैत्रिणींनो, आधी जाळी खाली घ्या. मुले कुरकुर करतील, करू द्या.

विद्यापीठाच्या संघाची वाट आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून जाते. तिथे निवड झाली की दक्षिण विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. (उदगीरला शिकणारी आपली मामेबहीण मात्र पश्चिम विभागात खेळेल!) बीदरची महाविद्यालये पूर्वी गुलबर्गा विद्यापीठाकडे होती, २०२३ साली बीदर विद्यापीठ वेगळे झाले. वाणिज्य शाखेच्या हिशेबाने पाहिले तर संघातल्या जागा तेवढ्याच, मागणाऱ्या कमी.

उंची नाही म्हणून हिरमुसू नये. १९९८ पासून नियमांत ‘लिबेरो’ आली. ती वेगळ्या रंगाचा सदरा घालते, मागच्या रांगेत खेळते, सर्व्हिस उचलते. जाळीवरून फटका मारायला तिला मनाईच आहे. मी जेमतेम पाच फूट. मला तीच जागा मिळाली.

एक अडचण मात्र नियमांच्या पुस्तकात नाही. आमच्यात निम्म्या जणी ‘माझा’ ओरडतात, निम्म्या ‘नंदु’. एका सामन्यात दोघी एकदम ओरडल्या, दोघीही थांबल्या, चेंडू मधोमध पडला आणि सामना गेला. आता सगळ्यांनी ‘नंदु’च म्हणायचे ठरले आहे. निवड पुढच्या महिन्यात आहे, आणि घाईत माझ्या तोंडून अजून ‘माझा’च निघतो.