व्हीपीएन लावलं तरी ओटीटीला कळतं कसं? आणि त्यावर धंदा का उभारू नये



सध्या एक प्रश्न वारंवार येतो आहे. आपल्या वऱ्हाडी भाषेतच सांगतो: "सर, आमचे नातेवाईक अमेरिकेत हायेत. त्यायले इकडच्या ॲपवर मॅच अन् सिरियल पाहाले भेटत नाही. मूर्तिजापुरातूनच त्यायले व्हीपीएन लावून देलं अन् सालाचे पैसे घेतले, तं धंदा जमते का? दुकान नको, माल नको."

मागणी खरी आहे, हे मान्य. पण धंद्यात उतरण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात. गिऱ्हाईक आहे का, आणि आपला माल उद्याही चालू राहील का? इथे दुसऱ्या प्रश्नावर गाडी अडते. कशी ते समजून घेऊ.

आधी हे कळू द्या: बाहेर दाखवत का नाहीत?

ओटीटी कंपनी कार्यक्रम विकत घेते तेव्हा सहसा ठराविक देशांपुरताच हक्क घेते. आयपीएलचं उदाहरण पाहा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क जून २०२२ मध्ये एकूण ४८,३९० कोटी रुपयांना गेले. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण स्टारने २३,५७५ कोटींना घेतलं, भारतातलं डिजिटल व्हायाकॉम१८ ने २०,५०० कोटींना, आणि परदेशातले हक्क वेगळे विकले गेले. म्हणजे अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी दुसऱ्याच कंपनीने पैसे मोजलेत. भारतातलं ॲप तिकडे चाललं तर तो गिऱ्हाईक तिच्या हातून गेला. म्हणून अडवणं हा करारातलाच भाग असतो.

व्हीपीएन नेमकं काय करतं?

प्रत्येक इंटरनेट जोडणीला एक पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तो पाहून ॲप ओळखतं की माणूस कोणत्या देशात आहे.

समजा तुम्ही मूर्तिजापूरहून एक पाकीट नागपूरच्या मित्राकडे पाठवलं आणि त्याने ते दुसऱ्या पाकिटात घालून पुढे मुंबईला पाठवलं. मुंबईवाल्याला शिक्का नागपूरचा दिसेल. व्हीपीएन एवढंच करतं: मधल्या सर्व्हरचा शिक्का मारतं. पण आतलं अक्षर, कागद, लिहिण्याची ढब तुमचीच राहते. पकडलं जातं ते तिथे.

पकडायच्या पाच खुणा

१. पत्ता घराचा की गोदामाचा? प्रत्येक आयपी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे हे उघड नोंदीत असतं. जिओ, बीएसएनएल यांचे पत्ते म्हणजे घरं आणि मोबाईल. भाड्याच्या सर्व्हरचे पत्ते म्हणजे डेटा सेंटर. आता डेटा सेंटरमध्ये बसून कोण सिरियल पाहतं? अशा पत्त्यांच्या तयार याद्या विकत मिळतात. स्वस्तातली व्हीपीएन याच चाळणीत अडकतात.

२. एकाच दारातून फार गर्दी. एका आयपीवरून शेकडो वेगवेगळी खाती उघडली की संशय येतो. पण मोबाईल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात. म्हणून नुसत्या गर्दीवर निकाल देत नाहीत, बाकीच्या खुणा जोडून पाहतात.

३. डिरेक्टरी वेगळ्या गावची. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आयपी मुंबईचा, पण फोन विचारतोय न्यू जर्सीच्या कंपनीच्या डीएनएसला, तर गोष्ट जुळत नाही. तसंच काही व्हीपीएन जुन्या पद्धतीची, म्हणजे आयपीव्ही४ ची वाहतूकच झाकतात. आयपीव्ही६ ची वाहतूक तशीच उघडी जाते आणि खरा पत्ता दिसतो. याला 'लीक' म्हणतात.

४. फोन स्वतःच बोलतो. घड्याळ न्यू जर्सीचं, आयपी मुंबईचा. ॲपला लोकेशनची परवानगी दिली असेल तर जीपीएस खरं ठिकाण सांगतं. व्हीपीएन जीपीएस बदलत नाही.

५. पैसे कुठून आले? कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरून ते कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेचं आहे ते कळतं. भारतातली ॲप्स बरेचदा +९१ नंबरवर ओटीपी मागतात, तीही एक खूणच.

एक खूण चुकीची असू शकते. तीन-चार एकत्र आल्या की चित्र स्पष्ट होतं.

पकडल्यावर काय होतं?

नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्ये एकदम १३० नवे देश जोडले, त्यात भारतही होता. त्याच महिन्यात त्यांनी प्रॉक्सी आणि व्हीपीएन अडवणार असल्याचं जाहीर केलं. आज तिथे व्हीपीएन ओळखलं गेलं तर बहुधा जगभराचे हक्क असलेले कार्यक्रमच दिसतात, बाकीचे गायब. इतर ॲप्स सरळ एरर देतात.

मग व्हीपीएनवाल्यांनी घरगुती आयपी वापरायला सुरुवात केली. ते कुठून येतात माहीत आहे? २०१५ मध्ये 'होला' या फुकटच्या सेवेबद्दल उघड झालं की ती वापरणाऱ्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्यांना विकली जात होती. म्हणजे तुमच्या घरच्या पत्त्यावरून कोणी अनोळखी माणूस काहीही करणार आणि नोंद तुमच्या नावावर! २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने घरगुती आयपींवरही चाळणी लावली, तेव्हा व्हीपीएन न वापरणारे काही साधे ग्राहकही त्यात अडकले.

आता धंद्याचा हिशेब मांडा

समजा तुम्ही ५० गिऱ्हाइकं केली, प्रत्येकी वर्षाचे १,५०० रुपये. हातात आले ७५,०००. तिसरा महिना संपला आणि तुमच्या सर्व्हरचा आयपी यादीत गेला. नऊ महिन्यांचे पैसे परत करायचे म्हटले तर एकेकाचे १,१२५, म्हणजे एकूण ५६,२५०. सर्व्हरचं भाडं आणि गिऱ्हाइकांचे रात्री-बेरात्रीचे फोन वेगळेच. वेळेचा फरक आहे ना! आणि ती गिऱ्हाइकं कोण? तुमचेच नातेवाईक, मित्रांचे मित्र. नवीन उद्योजकाचं भांडवल म्हणजे त्याची पत. आपल्या तालुक्याएवढ्या गावात ती एकदा गेली की जाहिरात देऊन परत येत नाही.

ज्या धंद्याचं बटण दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो ते बंद करायलाच बसला आहे, त्याला धंदा म्हणू नका. तो जुगार झाला.

कायदा काय म्हणतो?

भारतात व्हीपीएन वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. कंपन्या कार्यालयाच्या कामासाठी रोज वापरतात. पण लोकांना व्हीपीएन सेवा विकणं वेगळं. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी, वापराचा हेतू ही माहिती किमान पाच वर्षं जपायची आहे. या अटींमुळे एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या मोठ्या कंपनीनेही जून २०२२ मध्ये भारतातले सर्व्हर काढायचं जाहीर केलं. विचार करा, तुम्ही घरात बसून हे रेकॉर्ड ठेवणार आहात का?

शिवाय दुसऱ्याचा कार्यक्रम परवानगीशिवाय पुढे विकला, तर कॉपीराइट कायदा १९५७ लागू होतो. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

मग करायचं काय?

पहिलं: परदेशातल्या मराठी घरांना अधिकृत मार्ग दाखवा. झी५ ने जून २०२१ मध्ये अमेरिकेत रीतसर सेवा सुरू केली. वयस्कर आई-वडिलांना टीव्हीवर ॲप लावून देणं, दोन देशांतल्या कुटुंबाची व्हिडिओ कॉलची सोय करून देणं, ही सेवा विकता येते आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसरं: स्वतःचा माल बनवा. वऱ्हाडी स्वयंपाकाचा कोर्स, शिवणकाम, शेतीपूरक उद्योग. हक्क तुमचा असला की नकाशाही तुम्हीच ठरवता. अमेरिकेतलं गिऱ्हाईक तुमचा कोर्स उघडपणे घेईल.

तिसरं: तोच कोर्स सांभाळायला आज शिकलेल्या खुणा वापरा. एका खात्याला दोन उपकरणांची मर्यादा घाला. व्हिडिओवर घेणाऱ्याचा नंबर पुसट दिसू द्या. एकच खातं एकाच तासात दोन दूरच्या शहरांत उघडलं तर आधी फोन करून विचारा. हे नियम पैसे घेण्यापूर्वीच सांगा. आणि एका खुणेवरून गिऱ्हाइकाला चोर ठरवू नका.

चौथं: ज्या फोनवर दुकानाचं यूपीआय आणि बँक आहे, त्यात फुकटचं व्हीपीएन टाकू नका. आधीच असेल तर आजच काढा.

आजचा गृहपाठ

तुमच्या फोनवर 'माझा आयपी' असं शोधा. एकदा मोबाईल डेटावर, एकदा वायफायवर. दोन्ही वेळा कोणतं शहर आणि कोणती कंपनी दिसते ते वहीत लिहा. मूर्तिजापुरात बसून नागपूर किंवा मुंबई दिसलं तर घाबरू नका, असं होतं. मग शेजारी लिहा: माझ्या धंद्याचं बटण कोणाच्या हातात आहे? उत्तर खाली कमेंटमध्ये नक्की कळवा.