शिमोनाच्या घरांतील सेवा

शास्त्रपाठ : मार्क १ : २९-३४. सोबत वाचावें : लूक ४ : ३८-४१, प्रेषितांचीं कृत्यें ६ : १-६.

मार्कानें आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत प्रभूचा एक संपूर्ण दिवस आपल्यापुढें मांडिला आहे. तो शब्बाथ होता. सकाळीं कफर्णहूम येथील सभास्थानांत प्रभूनें शिक्षण दिलें व अशुद्ध आत्म्यानें ग्रासलेल्या एका मनुष्यास मोकळें केलें. हा भाग आपण पुष्कळ वेळां शिकविला आहे. त्यानंतर जीं तीन वचनें येतात तीं मात्र आपण बहुधा घाईनें वाचून टाकितों. कारण त्यांत एक घर, तापानें पडलेली एक सासू व एक जेवण, यापलीकडे वरवर पाहतां कांहीं दिसत नाहीं.

तें घर कसें असेल? इ. स. १९६८ पासून फ्रान्सिस्कन पंथाच्या विद्वानांनीं कफर्णहूम येथें खोदकाम केलें, तेव्हां पहिल्या शतकांतील वस्तीचे पुष्कळ अवशेष उघडे झाले. त्यांतील एका घरावर पांचव्या शतकांत अष्टकोनी मंदिर बांधलेलें होतें. तेंच शिमोनाचें घर असावें असें अनेकांचें मत आहे. आमच्या दख्खनच्या वाचकांस तें परकें वाटणार नाहीं. भिंती काळ्या दगडाच्या, आपल्याकडील दगडाच्याच जातीच्या. वर लाकडें टाकून माती व पेंढा यांचें धाबें. मध्यें अंगण, त्याभोंवतीं आप्तांच्या लहान लहान खोल्या, अंगणांत चूल, आणि त्याच काळ्या दगडाचीं जातीं. सभास्थान तेथून हाकेच्या अंतरावर. उपासना आटोपून प्रभु अशा घरांत आला.

शिमोनाची सासू आजारी होती. लूक हा वैद्य. तो ताप मोठा होता असें मुद्दाम सांगतो. घरच्यांनीं तिच्याविषयीं प्रभूला सांगितलें, त्यानें तिचा हात धरून तिला उठविलें, ताप निघाला, आणि ती त्यांची सेवा करूं लागली. येथें थोडें थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अंगांत कणकण असलेल्या बायकोस चुलीपुढें बसविण्याकरितां या वचनाचा उपयोग करणारे पुरुष आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं वचनांतील क्रम पाहावा. आधीं घरांतील माणसांनीं तिच्याकडे लक्ष दिलें. मग प्रभु स्वतः तिच्या अंथरुणापाशीं गेला. ती बरी झाली. आणि त्यानंतर ती उठून कामास लागली. तिला कोणी हुकूम केला असें तेथें लिहिलेलें नाहीं.

आतां ‘सेवा’ या शब्दाकडे वळूं. मूळ ग्रीक भाषेंत येथें ‘दियाकोनेइन’ हें क्रियापद आहे. मार्कानें हेंच क्रियापद थोडें आधीं, तेराव्या वचनांत, देवदूतांनीं रानांत प्रभूची जी सेवा केली तिच्याविषयीं योजिलें आहे. आणि पुढें दहाव्या अध्यायाच्या पंचेचाळिसाव्या वचनांत प्रभु आपल्या येण्याचा हेतु सांगतो, तेथेंही तेंच आहे. म्हणजे देवदूतांचें कार्य, प्रभूचें कार्य आणि या बाईचें भाकरी वाढणें, यांस सुवार्तिकानें एकच शब्द दिला. शिवाय क्रियापदाचें रूप चालू क्रियेचें आहे. तिनें एकदां वाढलें व संपलें असें नव्हे. प्रेषितांच्या सहाव्या अध्यायांत तर आणखी नवल आहे. तेथें विधवांच्या ताटांची सेवा व वचनाची सेवा हीं दोन्हीं कामें एकाच धातूच्या शब्दांनीं सांगितलीं आहेत, आणि अन्न वांटण्याच्या कामाकरितां जे सात निवडले ते आत्म्यानें व ज्ञानानें पूर्ण असावे अशी अट घातली आहे. आपल्या मंडळ्यांतील ‘डीकन’ हें नांव या शब्दापासूनच आलें.

हें आम्हीं गुरुकुलांत शिकलों होतों व परीक्षेंत लिहिलेंही होतें. तरी मागें एकदां एका खेड्यांत आमची फजिती झाली. तेथील एक बहीण लागोपाठ चार रविवार उपासनेस आली नव्हती. पंचांनीं तिचें नांव प्रभुभोजनाच्या यादींतून काढावें असें सुचविलें, आणि तिला ताकीद देण्यास आम्ही तिच्या घरीं गेलों. काय वाचावयाचें तेंही ठरविलें होतें. दार उघडेंच होतें. आंत तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. सासू ख्रिस्ती नव्हती; सुनेनें बाप्तिस्मा घेतला त्या दिवशीं तिनें अंगणांत उभें राहून शिव्याशाप दिलेले सगळ्या गांवानें ऐकले होते.

आम्हीं तोंड उघडण्यापूर्वींच ती बहीण म्हणाली, “पाळकसाहेब, आलासा बरं झालं. वाईच हिकडून धरा. एकटीच्यानं कूस वळत न्हाई.”

आम्हीं शास्त्र कोनाड्यांत ठेवलें आणि म्हातारीच्या खांद्याखालीं हात घातला. पडून असणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते, नाहींतर पाठीस जखमा पडतात, हें त्या दिवशीं तिच्याकडून आम्हांस समजलें. रात्रींही ती उठत असे. म्हातारीच्या पाठीवर एकही जखम नव्हती. नंतर तिनें चमच्यानें पेज पाजली, लुगडें बदललें, आणि मगच आम्हांस विचारलें कीं, साहेब कशाकरितां आले? आम्हीं काय उत्तर दिलें तें आठवत नाहीं. ताकीद दिली नाहीं एवढें खरें.

संध्याकाळीं पंचांस बोलावून आम्हीं याच पाठांतील तीन वचनें वाचलीं. कोणी विशेष बोललें नाहीं. एका वडीलधाऱ्या पंचानें मात्र विचारलें, “चार आयतवार झाले, आपल्यापैकीं कोणी जाऊन पाहिलं का?” हा प्रश्न घरच्यांनीं प्रभूला जें सांगितलें त्याच वचनाचा होता, आणि त्यांतून पाळकही सुटत नव्हता.

त्याच दिवशीं सूर्य मावळल्यावर, म्हणजे शब्बाथ संपल्यावर, सर्व नगर शिमोनाच्या दारापाशीं जमलें असें मार्क सांगतो. लोक दुखणेकऱ्यांस सभास्थानाकडे न नेतां त्या घराकडे घेऊन आले.

त्या खेड्यांत पुढें असें ठरलें कीं, महिन्यांतून दोन रविवारीं उपासना त्या बहिणीच्या ओसरीवर करावी, व इतर रविवारीं मंडळींतील दोघीजणींनीं आळीपाळीनें म्हातारीपाशीं बसावें. पहिल्या रविवारीं आम्ही गायनास उभे राहिलों तोंच आंतून म्हातारी ओरडली, “हळू म्हणा की रं, टकुरं दुखतंया!” आम्हीं आवाज उतरविला. तिसऱ्या वेळीं तिनें सुनेस सांगून आपली बाज दाराजवळ सरकवून घेतली.