मॉनिटर नकोत, आधी खुर्ची सरकव

चिरंजीव भाचेबुवांस,


तू पाठवलेलं हळदीचं गाणं ऐकलं. बँजो झकास, कोरसही ठसक्यात. पण खालचा बास इतका चढलाय की मांडवात डीजेवर लावलं तर शब्द बुडतील. त्यावर तुझा उपाय काय, तर नवे मॉनिटर स्पीकर! घेऊ नकोस. कान तुझे ठीक आहेत, स्पीकरही ठीक आहेत. तू बसतोस ती जागा चुकीची आहे.

काल्हेरच्या तुमच्या फ्लॅटमधली ती खोली दहा बाय दहा, म्हणजे 3.05 मीटर. आवाज सेकंदाला सुमारे 344 मीटर जातो. त्या हिशेबाने समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमत राहतो, आणि खोली चौरस असल्यामुळे दोन्ही बाजूंनी तोच. हा सूर भिंतीपाशी दणदणीत असतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तुझी खुर्ची नेमकी तिथेच! तुला बास कमी वाटतो, तू तो वाढवतोस, आणि बाहेर गाणं धबधबतं. म्हणून टेबल पुढे घे. समोरच्या भिंतीपासून कान पावणेचार फुटांवर येतील असा बस. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेव. एवढं करून तेच गाणं पुन्हा मिक्स कर आणि मग मला पाठव.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावायचा विचार सोडून दे. दीड-दोन इंची फोमही वरवरची चिरचिर तेवढी शोषतो, ढोलाला त्याचा पत्ताही लागत नाही. वर त्याने आवाज मंद आणि घुमणारा होतो, आणि पेटला तर विषारी धूर. तुमच्या भागात गोदामांच्या आगी काही कमी पाहिलेल्या नाहीत आपण.

बाससाठी जाडी लागते, आणि जागा म्हणजे कोपरे. पण खर्च करण्याआधी घरातल्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करून ऐक. हसू नकोस. वॉलेस सॅबाइननं 1895 नंतर हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या सभागृहाचा अभ्यास केला तो थिएटरमधल्या गाद्या रात्री वाहून आणूनच. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया तिथे पडला. फरक जाणवला तर 48 घनतेचा रॉकवूल आण, चार इंच जाड, लाकडी चौकटीत बसवून चारही कोपऱ्यांत तिरका उभा कर. भिंतींवरही अशाच चौकटी लाव, पण त्या चिकटवू नकोस, मागे तीन-चार इंच मोकळी जागा सोड. पोकळीमुळे त्या आणखी खालचे सूर धरतात आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात बुरशीही कमी धरते. त्या कुठे लावायच्या हे आरशाने ठरव: तू खुर्चीत बस, ताईला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग, त्यात स्पीकर दिसला की तिथे एक चौकट. वरून लावायला लूमवरचं कोरं सुती कापड भिवंडीत काय कमी आहे? फक्त तोंडाला लावून फुंकर मार; आरपार गेली तरच घे.

सगळ्या भिंती मात्र झाकू नकोस. खोली मेली की ढोलकीची चाट वाजूनही वाजत नाही. मागची भिंत पुस्तकांच्या कपाटाला दे. लोखंडी कपाट बाहेर काढ, ते बासबरोबर थरथरतं.

रस्त्यावरच्या कंटेनरांचा आवाज यातलं काहीच अडवणार नाही. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. त्यासाठी वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. खिडकीच्या रबरी पट्ट्या बदल, दाराखाली ब्रश बसव. भाड्याच्या घरात याहून जास्त नको.

गळा रेकॉर्ड करताना अंतराकडे लक्ष दे. 'महल'मधल्या (1949) गाण्याच्या सुरुवातीला लताबाई खोलीच्या मधोमध ठेवलेल्या माइककडे लांबून गात गात चालत आल्या, असं त्यांनीच सांगितलंय. तेव्हा दुरावा असा पायांनी मिळवत. तुझ्या खोलीला तसा घुमारा नाही, त्यामुळे तू वीतभर अंतरावरून गाऊन घे आणि घुमारा नंतर मिसळ. गायकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांग. माइकमध्ये शिरणारी खोली बरीचशी तिथूनच येते.

रॉकवूल गच्चीवर काप, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क घालून. ते कपडे ताईच्या धुण्यात टाकू नकोस, वेगळे धू.

तुझा,
मामा