आकडा चांगला, पाणी वाईट

आमच्या सोसायटीत एका पावसाळ्यात कावीळ आली, ती वॉचमनच्या खोलीतून. आधी त्याचा धाकटा मुलगा, मग बायको, मग जिने झाडणाऱ्या मावशी. वरच्या मजल्यांवर कोणालाच काही नाही. त्यामुळे ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ असं म्हणून मंडळी मोकळी झाली. मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. मला ते पटेना, कारण या तिघांचं जेवण वेगवेगळं असलं तरी पिण्याचा नळ एकच होता : पार्किंगमधला, अंडरग्राउंड टाकीवरचा. वर मात्र ओट्याओट्यावर आरओ.

बैठकीत एका सभासदांनी खिशातून टीडीएसचं पेन काढलं आणि त्या नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा दोनशेच्या आत. “बघा वहिनी, पाचशेपर्यंत चालतं. पाणी उत्तम आहे.”

पाचशेचं बरोबर होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅमच आहे. पण ते पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढंच पाहतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू त्याला दिसत नाहीत. टाकीत गटाराचं थोडं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलतो. मशीन विकणारे हेच पेन घेऊन दारोदार फिरतात, याचा मला अजूनही राग येतो.

टाकी उपसल्यावर कारण सापडलं. ड्रेनेजचं चेंबर टाकीला जवळजवळ खेटून होतं आणि पाइप आत शिरतो तिथला गिलावा सुटला होता. पावसात चेंबर तुंबायचं, इकडे टाकीची पातळी उतरलेली असायची, की तिकडचं पाणी झिरपून आत. तुमच्याकडे चेंबर आणि टाकी शेजारी असतील तर मशीन घेण्याआधी गवंडी बोलवा.

दुरुस्ती होईपर्यंत कोणीतरी टाकीत तुरटी फिरवली. पाणी नितळ झालं आणि सगळे निर्धास्त झाले. तुरटीने गाळ खाली बसतो, त्याबरोबर काही जंतूही जातात. बाकीचे त्या नितळ पाण्यात राहतात. तुरटीचा खरा उपयोग पुढच्या पायरीसाठी. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी नितळवायचं आणि मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची.

प्रमाण साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वीस हजार लिटरच्या टाकीला पन्नास. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी टाकीत ओता आणि तासभर नळ सोडू नका. हा हिशेब ताज्या पावडरीचा. तिच्यात क्लोरीन तेहतीस टक्क्यांपर्यंत असतं; तोंड उघडं राहिलेल्या, ओल धरलेल्या पोत्यात ते उडून गेलेलं असतं. आमच्या मीटर-रूममधलं पोतं कधीचं होतं ते कोणालाच सांगता येईना. म्हणून ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करायची, आणि तीही टाकीपाशी न करता सर्वांत लांबच्या नळाला. थेंब टाकल्यावर पिवळा रंग यायला हवा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. रंग आला नाही तर मात्रा वाढवा. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते पिण्याचं नाही.

तरीही गटार मिसळल्याचा संशय असेल तर एकट्या क्लोरीनवर विसंबू नये. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी नाल्याचं पाणी शिरलं. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवलं, विषमज्वर काबूत राहिला, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हिपॅटायटिस ई हे नाव तेव्हा जन्मालाही यायचं होतं. इचलकरंजीत २०१२ मध्ये पुन्हा तीच कावीळ. अशा वेळी पाणी उकळायचं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. वीस मिनिटं गॅस जाळायला नको. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटेल तसं दाट होतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्यांच्या बोअरला ते आहे, त्यांनी आरओ घ्यावं किंवा दुसरा स्रोत शोधावा. साधा कँडल फिल्टर गाळ अडवतो. काविळीचा विषाणू त्याच्या छिद्रांपुढे फार बारीक.

आरओवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्यातला कार्बन क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे बाहेर आलेल्या पाण्याला पुढे राखण राहत नाही. ते पिंपात भरून त्यात पेला बुचकळला, बोटं लागली, की संपलं. तोटीचा माठ घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि उरलेलं क्लोरीन मारणारं औषध तिच्यात आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. आणि तो स्वयंपाकघरातल्या मशीनचा नेऊ नका, पार्किंगच्या नळाचा न्या.