शरणागत जीव आणि पशुपालन

अहिंसा हा महानुभावीय आचाराचा एक आधारस्तंभ होय. साधकाने जीव मारू नये, मांस खाऊ नये, येथपर्यंत कोणाचे दुमत नाही. परंतु मांसासाठी पशू पाळणे, विकणे, किंवा दुधासाठी पाळून पुढे त्याला कसायाच्या स्वाधीन करणे, यांत दोष कोणाकडे व किती, याचा विचार वासनिक गृहस्थाने स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.

या विचाराचा आरंभ लीळाचरित्रातील सशाच्या लीळेपासून करावा. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली आश्रयास आला. पारध्यांनी तो मागितला; कारण त्यांच्या दृष्टीने श्रम त्यांचे, म्हणून शिकारही त्यांचीच. सर्वज्ञांनी तो दिला नाही. शरण आलेल्यास मरण नसते, हा त्या लीळेचा अभिप्राय. श्रमामुळे जीवावर स्वामित्व उत्पन्न होत नाही, हे येथे सिद्ध होते.

आता पाळीव पशूचा प्रश्न घ्यावा. पाळणारा म्हणतो, ‘चारा माझा, गोठा माझा, म्हणून जीवही माझा.’ पारध्याचा युक्तिवाद याहून निराळा नव्हता. किंबहुना ससा घटकाभर शरण आला होता. गोठ्यातील जनावर जन्मभर शरण असते. रानातला जीव पळून तरी जाऊ शकतो. दावणीचा जीव हाक मारताच जवळ येतो. विश्वास ठेवणाऱ्याचा घात हा दोष पारध्याच्या दोषाहून अधिकच ठरतो.

पुणे शहरातील बुधवार पेठेच्या इतिहासाशी या प्रश्नाची एक बाजू जोडलेली आहे. तेथील भिडे वाड्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. (ती जीर्ण वास्तू २०२३ साली पाडण्यात आली.) त्याच जोतीरावांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गाईबैलांच्या कत्तलीविषयी लिहिले आहे. गोऱ्यांच्या आहारासाठी गुरे मारली जातात, गायराने जंगलखात्याने घेतल्यामुळे चारा उरत नाही, आणि त्यामुळे शेतकऱ्याचा बैल नाहीसा होतो, अशी त्यांची तक्रार होती. गोऱ्यांनी येथील शेळ्यामेंढ्या खाव्यात, अथवा परमुलखातून गुरे आणावीत, असा उपाय त्यांनी सुचविला.

हा विचार शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आलेला असल्याने आदरणीय आहे. मात्र त्याचे प्रमाण उपयोग हे आहे, अहिंसा नव्हे. उपयोगाच्या न्यायाने बैल वाचतो, शेळी वाचत नाही. राज्याच्या कायद्याची रेघही जवळपास तशीच आहे. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची हत्या निषिद्ध केली. २०१५ पासून बैल व वळू यांनाही ते संरक्षण मिळाले. शेळी, मेंढी व कोंबडी त्या रेघेबाहेरच राहिली. सर्वज्ञांनी राखलेला ससा मात्र कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. जीव हा जीव आहे, एवढेच त्याच्या रक्षणास पुरेसे झाले.

उपयोगाचा न्याय शेवटास नेला म्हणजे काय होते, हे २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे दिसले. तेथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली आणि लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. रोगाला आळा घालणे आवश्यक होते, हे खरे. परंतु एवढे जीव एकत्र दाटीने कोंडून वाढविणे, ही त्या संकटाची पूर्वपीठिका होती. तेथे जीवाची गणना मालातच होती. माल बिघडला, तो टाकला.

येथे शाकाहारी गृहस्थानेही आपली बाजू तपासावी. दूध पिणारा हिंसेपासून सर्वथा अलिप्त नाही. गाय भाकड झाली, गोऱ्हा निरुपयोगी ठरला, की त्यांचा भार गरीब शेतकऱ्यावर पडतो. कायदा कत्तल थांबवितो, पण चारा देत नाही. ज्याने दूध घेतले, त्याने भाकड काळाच्या चाऱ्यातही वाटा उचलावा. अन्यथा आपली अहिंसा दुसऱ्याच्या दारिद्र्यावर उभी राहते.

तसेच कोरडवाहू मुलखात मेंढरांवर पोट असलेल्या धनगरास, अथवा मांस विकणाऱ्यास, तुच्छ लेखण्याचा अधिकार साधकास मिळत नाही. चारही वर्णांत भिक्षा मागण्याची आज्ञा ज्या मार्गात आहे, तेथे आहारावरून माणसाची विटाळवंडी करणे विसंगत होय. सर्वज्ञांनी पारध्यांना हाकलले नाही, शापही दिला नाही, त्यांना समजावले.

तात्पर्य, वासनिकाने जीव मांसासाठी पाळू नये, विकू नये. जो पाळला तो उपयोग सरल्यावरही पोसावा. आणि पोसण्याची शक्ती नसेल तर तितकाच पाळावा जितका निभावेल. गोठ्याचे दार हे शरणागताचे दार आहे, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुढील आचार कठीण वाटणार नाही.