पणजोबांच्या मागे कोण?

प्रश्न : आम्ही शेतकरी कुटुंबातले. पणजोबांच्या आधीची नावे घरात कुणालाच ठाऊक नाहीत. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून. नावांबरोबर मूळ गाव, कुलदैवत आणि भावकीही लिहून घ्या. मग तलाठी आणि तहसील कार्यालयात जुने फेरफार मागा. वारसनोंदीत मृत खातेदार आणि त्याचे वारस एकत्र सापडतात. जुन्या गाव नमुना १४ मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी, तर शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख मिळते. घराणे त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरला जात असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे असू शकतात. जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. जाणकाराकडून वाचून घ्या.

घरातल्या बायकांचा शोध मुद्दाम घ्या. लग्नात नाव बदलले, की वंशावळीत त्यांचा माग हरवतो. त्यांच्या माहेरच्या गावीही चौकशी करा.

आजोबांचेच नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने पिढ्यांची गल्लत सहज होते. दोन पुरावे जुळल्याशिवाय नाव पक्के धरू नका. कागद उद्याही मिळतील. वडीलधाऱ्यांशी मात्र याच आठवड्यात बोला.