शिष्यवृत्ती लांबली तर?

प्रश्न : गावाहून पुण्याला शिकायला आले आहे. शिष्यवृत्ती लांबली किंवा आजारी पडले, तर वर्ष वाया जाईल अशी धास्ती वाटते. आधीच काय करून ठेवू?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. पण अशा अडचणी बहुधा ठरलेल्या जागीच गाठतात, म्हणून तयारी शक्य होते. शिष्यवृत्तीच्या ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज आधी महाविद्यालय आणि मग संबंधित विभाग तपासतो, आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. खाते जोडलेले आहे का, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत उरली आहे का, हे याच आठवड्यात पाहा. आजारपणात अनेक विद्यापीठांची ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र परीक्षेच्या तोंडावर नेलेत तर संशय येतो. बरे वाटताच कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

हातात पैसाच नसेल तर नियोजन कसले, असे कुणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. दरमहा थोडे बाजूला टाकणेही अनेक घरांना झेपत नाही. मात्र वरच्या कामांना जवळपास खर्च नाही, आणि चुकलेली मुदत गरिबालाच सर्वांत महाग पडते. मन खचले, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोला, अगदी मध्यरात्रीसुद्धा.